भिकन आप्पांची वीस सेकंदं

भिकन आप्पांच्या मुलीच्या लग्नाची सीडी मी टूथपेस्ट लावून गोल गोल पुसली. त्यानंतर ती कुठल्याही कॉम्प्युटरवर चालली नाही.

सीडी कशी पुसायची ते माहीत नव्हतं, अशी पळवाटही मला नाही. मऊ सुती कापड घ्यायचं आणि मधल्या भोकापासून कडेपर्यंत सरळ पुसत न्यायचं, सायकलच्या चाकाचे आरे जातात तसं. आडवा ओरखडा एकेक ओळ नुसता ओलांडून जातो, तेवढं कॉम्प्युटर सांभाळून घेतो. गोल पुसलं की ओरखडा ओळीवरूनच धावतो आणि सगळी ओळ खाऊन टाकतो. हे मला खुद्द आप्पांनी शिकवलं होतं. एकदा नाही, तीनदा. पण मी बँकेत एकतीस वर्षं काढलेला माणूस. आम्हाला सूचना वाचता येतात. त्या पाळायच्या असतात ते गिऱ्हाइकांनी.

आप्पांचं दुकान डिंडोलीत, आमच्या सोसायटीपासून चालत सात मिनिटांवर. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला सलून, मधे हे एक शटर. आत एक टेबल, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर मेलेल्या कॉम्प्युटरांतून काढलेले सतरा सीडी ड्राइव्ह ओळीनं मांडलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी बायको मालती बरोबर होती. आत एक गिऱ्हाईक आप्पांच्या कानाशी ओरडत होतं आणि आप्पा नुसते त्याच्या तोंडाकडे बघत होते. मी दाराच्या काचेबाहेरूनच मालतीला हळूच म्हणालो, "हा तर बहिरा आहे. हा काय दुरुस्त करणार?"

मागे रिक्षांचा गोंगाट, मधे जाड काच, आणि आप्पा दहा पावलं आत. त्यांनी माझ्याकडे बघत मोठ्यानं सांगितलं, "बहिरा करतो दुरुस्त, साहेब. आत या."

मालती तिथूनच घरी परत गेली. तिला लाज वाटली. मला वाटली नाही, कारण कॉम्प्युटर माझ्या हातात होता आणि तो जड होता.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. कडोदऱ्याला एका लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. शंभर लूम एकदम चालतात तिथं माणसाचा आवाज शेजारच्या माणसापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात आणि समोरचा ते वाचतो. चहा आला, मुकादम आला, गावाहून फोन आला, सगळं ओठांवर. सव्वीस वर्षांत आप्पांचे कान पार गेले, पण ओठ वाचायची नजर सुरीसारखी झाली. कान गेले म्हणून कारखान्यानं काढलं आणि नजरेवर त्यांनी हे दुकान टाकलं.

माझी तक्रार होती की ड्राइव्ह सिनेमा वाचत नाही, नुसता घरघरतो. आप्पांनी कॉम्प्युटर चालू केला, ड्राइव्हवर चार बोटं ठेवली आणि डोळे मिटले. नाडी बघावी तसं. मग म्हणाले, "आत दोघं आहेत."

उघडलं तर खरंच एकावर एक दोन सीड्या. पहिली काढायला मी विसरलो होतो.

"साहेब, एका पाटावर दोन नवरदेव बसवले तुम्ही," आप्पा म्हणाले. "नवरी कोणाला हार घालणार?"

ती बोटांची विद्याही लूमवरचीच. हजारो धाग्यांतला एक तुटला तर लूमची थरथर बदलते आणि ती जमिनीतून तळपायाला कळते, असं ते सांगत. सीडी आत फिरायला लागली की ते बोटांनी ओळखत: ही मळलेली आहे, हिला तडा आहे, ही चांगली आहे पण ड्राइव्हच्या डोळ्यावर धूळ बसलीय. अडलेली सीडी ते एकामागून एक सतराही ड्राइव्हमधून फिरवत. "प्रत्येकाची नजर निराळी असते. एकाला नाही दिसत ते दुसऱ्याला दिसतं." नऊ नंबरचा ड्राइव्ह त्यांचा लाडका. बाकी सोळा हरले की नऊ नंबरला विचारायचं.

महिन्याभरानं मी पुन्हा हजर. चित्र दिसतंय, आवाज येत नाही. आप्पांनी स्पीकरवर तळहात ठेवला, मग कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं. मी स्पीकरची पिन माइकच्या गुलाबी भोकात खुपसली होती. त्यांनी ती काढून हिरव्यात घातली, तळहात परत स्पीकरवर ठेवला आणि मला विचारलं, "आता आला ना आवाज?" बहिऱ्या माणसानं मला ऐकू येतंय की नाही याची खात्री करून घेतली.

नंतर एकदा मेहुण्यानं परदेशातून सिनेमे आणले. त्या डीव्हीडी इकडच्या ड्राइव्हवर चालेनात. कॉम्प्युटरनं विचारलं, देश बदलू का? मी बदलला. मग आपल्याकडची डीव्हीडी घातली, तर पुन्हा विचारलं. मी पुन्हा बदलला. असं करत करत ड्राइव्ह कायमचा परदेशात राहिला. आप्पा म्हणाले, "तो फक्त पाच वेळा ऐकतो, साहेब. सहाव्यांदा ऐकत नाही. समोर लिहून दाखवतो की, आता इतक्या वेळा उरल्या."

"मी वाचलं होतं," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी."

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायची त्यांची सवय नव्या माणसाला खटकायची. बायका आल्या की ते आधीच सांगत, "ताई, तोंडाकडे बघतो, राग मानू नका. माझे कान तिथं आहेत." तोंडात मावा भरून आलेल्याला ते सरळ बाहेर पाठवत: "आधी थुंका, मग बोला. अक्षर दिसत नाही." मास्कच्या दिवसांत मात्र ते खऱ्या अर्थानं बहिरे झाले. त्या काळात दुकानाच्या पायरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या झाकलेल्या तोंडांकडे बघत राहायचे. मी एकदा मास्क खाली ओढून विचारलं, "काय आप्पा, बरं आहे ना?" तर म्हणाले, "आज आठ दिवसांनी माणूस बोलला."

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते प्रत्येकाला ऐकवत: चाललं की हात काढा. अडलेली सीडी एकदा का चालली की आधी तिची नक्कल करून घ्यायची. पुसायचं नाही, सुधारायचं नाही, पुन्हा लावून बघायचं नाही. "ती एकदाच चालायला तयार झालेली असते."

आता त्यांच्याकडे येणारी माणसं सिनेमा बघायला सीडी आणत नसत. सिनेमा फोनवर मिळतो. सीडी घेऊन यायचा तो ज्याला ती टाकवत नाही असा माणूस. तरी एकदा एक शिंपी जुना सिनेमा घेऊन आला. चित्र चोख, आवाज मुका. आवाजाची फाइलच बिघडलेली होती. आप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या ओठांवरून एकेक संवाद बोलायला लागले, तोही अहिराणीत. सूटबूट घातलेला नायक नायिकेला बागेत "तू माले भलती आवडस" म्हणाला तेव्हा सलूनमधलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बघायला आलं. सात-आठ माणसं हसून बेजार झाली.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "आप्पा, मग लग्नाच्या सीड्या बघताना तर मजाच येत असेल. वरून गाणी घातलेली असतात, खाली बायका काय काय बोलत असतील, ते सगळं तुम्हाला कळणार."

आप्पा हसायचे थांबले. माणसं पांगल्यावर त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि एका जुन्या पाकिटातून सीडी काढून समोर ठेवली.

"ही माझ्या सुनंदाची," ते म्हणाले. "एका जागी अडते. मी हे काम शिकलो ते हिच्यासाठी."

सुनंदा त्यांची एकुलती मुलगी. तिचं लग्न डिंडोलीतच झालं. सासर तिकडे गावाकडचं. पाठवणीच्या वेळी ती बापाच्या गळ्यात पडली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. घरी ती नेहमी समोर उभी राहून बोलायची, बापाला दिसेल असं. त्या दिवशी विसरली. पोरी रडताना विसरतात. आप्पांना काही ऐकू आलं नाही. माणसं घाई करत होती, गाडी सुरू होती. त्यांनी मान हलवली, हो हो. ती गेली. चार महिन्यांनी ती सासरच्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं त्या लोकांनी सांगितलं. यापुढे आप्पांनी त्या विषयावर मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"काय म्हणाली, ते मला पाहिजे," ते म्हणाले. "व्हिडिओवाला माझ्या पाठीमागे होता. तिचं तोंड त्याच्या बाजूला होतं. म्हणजे ह्याच्यात तिचे ओठ आहेत. वीस सेकंदं असतील."

पण नेमकी तिथंच सीडी अडत होती. सतरा ड्राइव्ह हरले होते, नऊ नंबरसकट. व्हिडिओवाल्यानं मूळ टेप कधीच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. सासरच्यांकडची सीडी मागायला आप्पा त्या दारात जाणार नव्हते. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंना, विचारलं का, असं मी म्हटलं. "ती म्हणते, रडण्यात ऐकू आलं नाही."

आता इथं माझा उदारपणा जागा झाला. माझा उदारपणा आणि माझी अक्कल एका वेळी कधी जागी नसतात. मी म्हणालो, मी बाहेरून जोडायचा नवा ड्राइव्ह मागवलाय, त्याची नजर एकदम ताजी असेल, त्यावर बघू. आप्पांनी बराच वेळ विचार केला. मग सीडी माझ्या हातात दिली. त्यांचं दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुकान आठवडाभर बंद राहणार होतं. "ड्राइव्ह आला की ठेवून द्या. मी डोळा उघडून येतो, मग दोघं लावू. तोवर हात नका लावू."

ड्राइव्ह पाचव्या दिवशी आला. आप्पा संध्याकाळी येणार होते. मी अकरा वाजता सीडी लावली. नुसतं बघायला, की ड्राइव्ह चालतो का. ते आले की चहा पिता पिता सहज म्हणायचं होतं, "हां, झालंय तुमचं काम."

आणि ती चालली. हळद, अक्षता, पंगत, सगळं पळवत मी पाठवणीवर आलो. चित्रात चौकोन चौकोन पडत होते, पण अडलं नाही. हिरव्या शालूतली मुलगी बापाच्या खांद्यावर आली, तिचे ओठ हलले. वर गाणं वाजत होतं. आप्पांची पाठमोरी मान हलली. मग आणखी थोडं काही झालं, आणि गाडीचं दार लागलं.

मी ओठ वाचणारा माणूस नव्हे. मला नुसतं हलताना दिसलं. पण चौकोन पडत होते ना. मला वाटलं, आप्पांना हे स्वच्छ दिसलं पाहिजे. नुकताच डोळा उघडलेला माणूस. नक्कल करून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. मी सीडी बाहेर काढली, मालतीची टूथपेस्ट घेतली, आणि भांडं घासतात तशी ती गोल गोल घासली. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं, टूथपेस्टनं ओरखडे जातात.

परत लावली तेव्हा ड्राइव्हनं ती ओळखलीसुद्धा नाही. आत काहीच नाही, म्हणाला.

दुपारभर मी ती लावत होतो, काढत होतो. मालतीनं बघितलं, आणि टूथपेस्ट उचलून आत नेली.

संध्याकाळी आप्पा काळा चष्मा लावून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ड्राइव्हवर बोटं ठेवली, खूप वेळ ठेवली, मग काढली. सीडी उजेडात तिरकी धरून बघितली. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "चालली तेव्हा तुम्ही बघितलं?"

"हो."

"ओठ दिसले?"

"दिसले."

त्यांनी चष्मा काढला आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून. "मग करून दाखवा. ती कशी बोलली, तसं तोंड करा. आवाज नका काढू."

साठीच्या घरातला एक निवृत्त हेडक्लार्क, पाणावलेल्या डोळ्यांच्या म्हाताऱ्यासमोर बसून नववधूचे ओठ करून दाखवतोय, हे दृश्य मालतीला बघवलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. मी दोनदा प्रयत्न केला. खरं तर मला काही आठवत नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं, बस. आप्पा पुढे झुकून बघत होते. त्यांचा एक डोळा अजून लाल होता. मला वाटलं, या माणसाला काहीतरी द्यायला हवं. चांगलं काहीतरी. मी ओठ सावकाश हलवले: आप्पा, काळजी करू नका, मी सुखात राहीन.

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग मागे टेकले.

"मनी पोर माले आप्पा नही म्हने," ते म्हणाले. माझ्याशी ते कधी अहिराणी बोलत नसत. मग मला कळावं म्हणून पुन्हा, "आप्पा मला गल्ली म्हणते. पोर दादा म्हणायची. आणि सुखात राहीन असं आमच्याकडे कोणी बोलत नाही. ते सिनेमात."

मी खाली बघितलं. ते म्हणाले, "वर बघा, नाहीतर मला काय कळणार. जे दिसलं तेवढंच सांगा. ती बोलली. मी मान हलवली. मग तिनं काय केलं?"

एवढं मात्र मला स्वच्छ आठवत होतं, आणि एव्हाना खोटं बोलायची हिंमत संपली होती. "तिनं तुमच्या तोंडाकडे बघितलं," मी म्हणालो. "मग परत कानाशी वाकली आणि तेच पुन्हा बोलली. ओठ तसेच हलले. तुम्ही परत मान हलवली. मग गेली."

"दोनदा बोलली."

"दोनदा."

आप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग स्वतःशीच बोलावं तसे बोलले, "निरोप घेणारा माणूस एकदा बोलतो. दोनदा बोलतो तो मागणारा." आणि थोड्या वेळानं, "काहीतरी मागत होती. मी दोनदा हो म्हटलं."

सीडी पाकिटात घालून ते उठले. चहा तसाच राहिला.

दुकान पुन्हा उघडलं, पण महिना-दीड महिनाच. मी एकदा गेलो तेव्हा ते सतरा ड्राइव्ह पोत्यात भरत होते. भंगारवाला बाहेर उभा होता. मी "आप्पा" म्हटलं. पाय दिसले असतील, ते थांबले. मी बोलायला लागलो, की माझं चुकलं, की मी अजून कुणाकडे तरी ती सीडी दाखवतो, की पुण्यात एक मोठं दुकान आहे म्हणतात. आप्पांनी मान वर केली नाही. माझ्या चपलांकडे बघत उभे राहिले. मी बोलत होतो, आणि त्यांनी ते ऐकायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यासाठी त्यांना कान झाकावे लागत नव्हते. माझी पावलं वळलेली दिसली तेव्हा त्यांनी पोत्याचं तोंड बांधलं. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. पुढच्या आठवड्यात ते भावाकडे गावी गेले आणि तिथून आले नाहीत. उन्हाळ्यात गेल्याचं कळलं. म्हणजे, या जगातून.

सिंधूवहिनी सामान न्यायला डिंडोलीला आल्या तेव्हा मी भेटायला गेलो. खोलीत दोन पेट्या आणि एक गादी. त्यांनी पाणी दिलं. मी विचारायला नको होतं, पण मी आयुष्यात एवढ्यावर कधी थांबलो नाही. म्हणालो, "वहिनी, तुम्ही शेजारी होतात. खरंच ऐकू आलं नव्हतं?"

त्या पेटीची कडी लावत होत्या. "आलं होतं," त्या म्हणाल्या. "'दादा, आखाजीले माले लेवाले येजो बरं.' एवढंच. दोनदा म्हणाली."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात लेक माहेरी आणतात. बाप नाहीतर भाऊ घ्यायला जातो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तर जातातच.

"आखाजी आली तेव्हा मी सांगितलं त्यांना, जा, आणा पोरीला," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले, मालक सुट्टी देत नाही, पुढच्या वर्षी. मीपण म्हटलं, बरं, पुढच्या वर्षी. बारा दिवसांनी फोन आला." त्यांनी कडी ओढून पाहिली. "तिनं तोंडानं मागितलं होतं आणि ह्यांनी हो म्हटलं होतं, हे मी कसं सांगणार होते? म्हणून म्हटलं, ऐकू नाही आलं. सीडीतपण दिसत नव्हतं. बघत बसले बिचारे. बघण्यात जगले इतकी वर्षं. तुमच्याकडून आले त्या दिवसापासून एकच धरलं, दोनदा बोलली."

मी म्हणालो, "माझ्या हातून ती सीडी बिघडली, वहिनी. माफ करा."

त्यांनी मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"सीडी बिघडवली ते चांगलंच केलं, साहेब," त्या म्हणाल्या. "तेवढ्यावर थांबायचं होतं. तोंड कशाला उघडलं?"